धोका आहे की नाही हे नक्की माहीत नसताना रिपोर्टवर सही करायची का?

ओंजळ

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय कारण ऑफिसात विचारण्यासारखं कोणी उरलेलं नाही.

मी पाणीशुद्धीकरणाच्या कामात प्रोसेस इंजिनिअर आहे, चार वर्षं झाली. एका वितरण व्यवस्थेचा स्रोत बदलायचाय, जुना आटत चाललाय, नवा नदीचा आहे आणि त्यात क्लोराइड बरंच जास्त आहे. जुन्या घरांच्या जोडण्यांत काही ठिकाणी अजून शिशाचे पाइप आहेत, सांध्यांना शिशाचं सोल्डर आहे, नेमकं किती ठिकाणी ते कोणालाच नीट सांगता येत नाही कारण नोंदी अर्धवट. म्हणून आम्ही जमिनीतून उकरून काढलेल्या जुन्या पाइपांचे सहा लूप लावले आणि आठ आठवडे त्यातून नवं पाणी फिरवलं. पाच लूपमध्ये शिसं शेवटपर्यंत ५ पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) खाली राहिलं. सहाव्यात पाचव्या आठवड्यापासून चढत गेलं, १२, मग १९, मग २७, शेवटच्या आठवड्यात ३१.

मॅनेजर म्हणतात तो लूप खराब आहे, उकरताना पाइपाला धक्का बसला असणार, आतला थर सुटला असणार, त्याला धरून बसलीस तर सगळं काम अडेल. आणि खरं सांगू का, ते चूक असतीलच असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, तसं झालेलं असू शकतं. पण ड्राफ्टमध्ये आता सहावा लूप नाहीच आहे, कोष्टकात पाच ओळी आणि खाली वाक्य, "प्रस्तावित बदलामुळे सार्वजनिक आरोग्यास कोणताही धोका आढळून आला नाही." त्याच्या खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मॅनेजर वाईट माणूस नाहीयेत, मला काम त्यांनीच शिकवलंय, म्हणूनच जास्त अवघड जातंय. मला हे विचारायचंय की धोका सिद्धच झालेला नाही तर मी कशाच्या जोरावर अडून बसायचं? आणि सही केली तर मी खोटं बोलले असं होतं का? कारण शब्दशः बघितलं तर "आढळला नाही" हे पाच लूपपुरतं खरंच आहे.

जुना पाइपवाला

ओंजळ, तीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सहाव्या लूपचं बोलू. मॅनेजर म्हणतात धक्का बसून थर सुटला. समजा तसंच झालं. मग जमिनीखाली आहेत त्या पाइपांना धक्के बसत नाहीत का? मीटर बदलताना बसतात, केबल टाकायला कोणी खणलं की बसतात, वरून जड वाहनं जातात तेव्हा बसतात. जोडणीचा अर्धाच पाइप बदलला की उरलेल्या अर्ध्यातून पुढे कितीतरी दिवस शिसं सुटत राहतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे तुमचा तो "खराब" लूपच खऱ्या रस्त्यासारखा आहे आणि बाकीचे पाच प्रयोगशाळेत लाडात ठेवलेले आहेत असंही म्हणता येईल की. शिवाय नुसता धक्क्याचा परिणाम असता तर सुरुवातीला आकडा वर जाऊन मग हळूहळू उतरायला हवा होता. तुमचा पाचव्या आठवड्यापासून चढतोय आणि चाचणी संपली तेव्हाही चढतच होता. चढता आकडा मध्येच सोडून चाचणी बंद करायची नसते, हे मी कोणाही समोर म्हणेन.

क्लोराइडचं म्हणाल तर क्लोराइड आणि सल्फेटचं वजनी गुणोत्तर काढा, ०.५ च्या वर गेलं की शिशाचं सोल्डर तांब्याला जिथे भिडतं तिथे गंज वाढतो. पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) सोबत लिहा, नाहीतर नुसत्या गुणोत्तराला अर्थ राहत नाही.

फ्लिंटचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच तरी सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतल्या या शहराचं पाणी डेट्रॉइटकडून घ्यायचं बंद करून नदीचं सुरू केलं, गंज रोखणारं ऑर्थोफॉस्फेट टाकलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या मोटार इंजिनच्या कारखान्यानं ते पाणी वापरायचं सोडलं, कारण इंजिनचे भाग गंजायला लागले. धातूला सोसेना ते पाणी माणसं पुढे वर्षभर प्यायली. आणि रिपोर्टमध्ये काय होतं तर सगळं मर्यादेत. २०१५ च्या तपासणीत ७१ सॅम्पल होते, त्यातले दोन वेगवेगळी कारणं देऊन वगळले आणि ते वगळल्यावर नव्वदावा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली नव्वद टक्के सॅम्पल येतात तो आकडा, १५ पीपीबीच्या मर्यादेखाली आला. दोन ओळी, बस. त्या दोन वगळायला कागदावर नियमातलं कारण दाखवलेलं होतं. तुमच्या कोष्टकातली गेलेली सहावी ओळ मला म्हणून इतकी खुपली.

आता माझं स्वतःचं सांगतो, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी घरोघरी सॅम्पल घ्यायला जायचो आणि मला सांगितलं होतं की नळ आधी पाच मिनिटं मोठा सोडायचा, तोंडाची जाळी काढायची आणि मग बारीक धारेनं बाटली भरायची. मला वाटायचं स्वच्छ सॅम्पल घ्यायची हीच पद्धत. प्रत्यक्षात रात्रभर पाइपात थांबलेलं जे पाणी सकाळी पहिल्या ग्लासात येतं तेच मी मोरीत ओतून देत होतो, जाळीत अडकलेले शिशाचे कण काढून ठेवत होतो आणि धार बारीक ठेवून उरलेले कण पाइपातच राहू देत होतो. असे शेकडो सॅम्पल मी घेतले आणि सगळे छान आले. एका घरात एक बाई बाळाच्या दुधाची पावडर कालवायला सकाळचं पहिलं पाणी घेत होती, मी बघत उभा होतो, तिनं विचारलं पाणी बरं आहे ना, मी हो म्हटलं. त्या घराचा खरा आकडा काय होता ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हा सही करू नका असं मी म्हणत नाही. सहा ओळींच्या कोष्टकाखाली सही करा.

पाणपोई

पाइपवाले काकांचा अनुभव मोठा आहे पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी ऑपरेशन्समध्ये आहे, रोज पाणी सोडणं हे माझं काम.

जुना स्रोत आटतोय असं ओंजळनंच लिहिलंय. इथे सगळे असं बोलतायत की काम थांबवलं तर आरोग्य सुरक्षित राहील. तसं नसतं हो. पाणी कमी पडलं की पुरवठा तासांवर येतो, पाइप रिकामे राहतात, आतला दाब पडतो आणि बाजूच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. त्यातून होणारे जुलाब, कावीळ, टायफॉइड यासाठी कुठला लूप लावायला लागत नाही, तो धोका सिद्धच आहे. शिशाची शंका धरून वर्षभर थांबलात आणि दरम्यान साथ आली तर त्याची जबाबदारी कोणाच्या सहीवर?

आणि सावधगिरीचंच म्हणाल तर वॉशिंग्टन डीसीचं उदाहरण बघा. क्लोरीनमुळे पाण्यात ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगं तयार होतात हे १९७४ मध्ये समोर आलं, त्यातल्या काहींवर कॅन्सरचा संशय, म्हणून ती कमी करायला तिथल्या लोकांनी २००० च्या नोव्हेंबरात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरायला सुरुवात केली. म्हणजे बदल केला तोच आरोग्याच्या काळजीनं. झालं काय, की शिशाच्या पाइपांच्या आतला थर क्लोरीनच्या जोरावर टिकून होता, क्लोरामाइननं तो विरघळायला लागला आणि पुढची काही वर्षं घराघरात शिसं गेलं. एका शंकेपासून वाचवायला गेले आणि दुसऱ्या धोक्यात नेऊन घातलं, हेतू चांगला असूनही.

बांगलादेशातल्या ट्यूबवेल तर अजून मोठी गोष्ट. तळ्याचं घाण पाणी पिऊन मुलं दगावत होती म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो ट्यूबवेल खणल्या, जंतूंच्या बाबतीत पाणी खरंच चांगलं होतं, पण त्यात आर्सेनिक निघेल हे कोणाच्या मनात आलं नाही आणि तेव्हा नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक नसायचंच. १९९३ मध्ये तिथल्या विहिरींत ते सापडलं तोपर्यंत कोट्यवधी लोक ते पीत होते. त्या इंजिनिअर लोकांना मी दोष देऊ शकत नाही.

म्हणून ओंजळ, मॅनेजरांचा दबाव समजून घे. सगळ्या शंका मिटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं तर आपल्या कामात एकही पाऊल पडणार नाही.

कडुनिंब

मी इंजिनिअर नाही, सार्वजनिक आरोग्यात काम करते. दोन गोष्टी सांगते, पहिली आकड्यांची.

सहापैकी एका लूपमध्ये शिसं वाढलं. एवढ्या लहान नमुन्यावरून एकूण जोडण्यांपैकी किती टक्के अशा वागतील हे काढायला गेलं तर ९५ टक्के खात्रीचा पट्टा अर्ध्या टक्क्यापेक्षाही खालून सुरू होऊन थेट ६४ टक्क्यांपर्यंत जातो. बरं, मॅनेजरांचं ऐकून सहावा लूप फेकून दिला असं धरू. पाचपैकी शून्य. तरीसुद्धा खरं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि तुम्हाला पाचही लूप स्वच्छ दिसू शकतात. म्हणजे सहावा लूप ठेवा नाहीतर काढा, "कोणताही धोका आढळून आला नाही" हे वाक्य त्या चाचणीला पेलतच नाही. ती चाचणी एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लहान आहे. तुम्ही विचारलंत ना सही केली तर खोटं होईल का, माझ्या मते होईल, कारण वाचणारा नगरसेवक किंवा एखादी आई ते वाक्य "पाणी सुरक्षित आहे" असंच वाचणार आहे आणि ते तसं वाचलं जाणार हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट, सिद्ध कोणी करायचं. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पना १९२१ मधली, शोधणारा थॉमस मिजली स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. १९२४ मध्ये ते बनवणाऱ्या एका रिफायनरीत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीला आदल्या वर्षी स्वतःला शिशाची विषबाधा झालेली होती, तरी त्यानं पत्रकारांसमोर पेट्रोलमध्ये घालायचं ते शिशाचं द्रव हातावर ओतून घेऊन, वाफ हुंगून दाखवलं. १९२५ मध्ये सरकारनं परिषद बोलावली, तिथे ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी बजावून सांगितलं की शिसं रस्त्यांवर पसरवणं धोक्याचं आहे. ते द्रव विकणाऱ्या कंपनीच्या बाजूनं डॉक्टर रॉबर्ट केहो यांची भूमिका अशी की अपाय दाखवून द्या, मग आम्ही थांबवू. ऐकायला किती रास्त वाटतं. पण मोजमाप करायची साधनं, पैसा आणि कामगारांचं रक्त, तिन्ही कंपनीच्याच ताब्यात होतं, मग अपाय दाखवणार कोण? मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणं जगातल्या शेवटच्या देशात थांबलं ते २०२१ मध्ये. "सिद्ध झालेलं नाही" या तीन शब्दांवर जवळपास शंभर वर्षं गेली आणि त्या काळातल्या मुलांच्या मेंदूचं जे गेलं ते परत येत नाही.

पाणपोई, तुमचा साथीचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, पण एक फरक आहे. जुलाबाची साथ आली की आठवड्याभरात दवाखाने भरतात, सगळ्यांना दिसतं, उपाय सुरू होतात. शिसं दिसत नाही. मूल वर्गात थोडं मागे पडतं, थोडं चिडचिडं होतं, आणि पाण्याचा संशय कोणालाच येत नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०१२ मध्ये "चिंतेची पातळी" हा शब्दच सोडून दिला. जो धोका स्वतःहून ओरडणार नाही त्याच्यासाठी कागदावर तरी कोणीतरी बोललं पाहिजे, आणि इथे तो कागद ओंजळच्या हातात आहे.

सेमीकोलन

मी वैद्यकीय यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. पाण्यातलं कळत नाही पण "तो एक खराब आहे" हे वाक्य मी फार ऐकलंय म्हणून लिहितोय.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरसाठी रेडिएशन द्यायचं यंत्र होतं. १९८५ ते ८७ मध्ये सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस बसला, काही दगावले. हॉस्पिटलनं विचारलं की बनवणारे अनेकदा म्हणायचे असं होऊच शकत नाही, आमच्याकडे करून बघितलं तर होत नाही. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा डोस अडवणारे हार्डवेअरचे इंटरलॉक होते, या मॉडेलमध्ये ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. मग १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलच्या फिजिसिस्टनं आणि ऑपरेटर बाईंनी मिळून बसून तो प्रकार पुन्हा पुन्हा करून पाहिला. त्या बाईंचा टायपिंगचा हात बसलेला होता, एक्स-रे चं अक्षर चुकून पडलं तर कर्सर वर नेऊन झटकन दुरुस्त करून त्या पुढे जायच्या, हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं की यंत्र आतून अर्धं जुन्या मोडमध्ये राहायचं आणि स्क्रीनवर फक्त "मालफंक्शन ५४" यायचं. कंपनीत टेस्ट करणारे सावकाश टाइप करायचे म्हणून त्यांना ते कधी दिसलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच की जो एक बाकीच्यांपेक्षा वेगळा वागला त्याच्याजवळ बसा. कापून बघा तो पाइप, आतला थर कसा दिसतो, कुठून सुटलाय, सोल्डरजवळचा आहे का. खराब निघाला तर तुम्ही फोटोसकट लिहू शकाल की का वगळला, आणि मॅनेजरही सुटले. न उघडता वगळायचं मात्र नाही.

जुना पाइपवाला

पाणपोई, डीसीचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, माझ्याकडून राहिलंच होतं. पण त्याचा पुढचा भागही सांगायला हवा. क्लोरामाइनचा निर्णय चुकला यापेक्षा मला जास्त लागतं ते हे, की आकडे २००१ पासून वाढत होते आणि लोकांना नीट कळलं ते २००४ च्या सुरुवातीला, तेसुद्धा वर्तमानपत्रातून. ऑर्थोफॉस्फेट त्याच वर्षी सुरू केलं आणि मग आकडे खाली आले. उपाय हाताशी होता, मधली वर्षं गप्प बसण्यात गेली. चुकीचा निर्णय कोणाकडूनही होऊ शकतो हो, माझ्याकडूनही झालाय.

काम थांबवा असं मीही म्हणत नाहीये. स्रोत बदला, पण ऑर्थोफॉस्फेट पहिल्या दिवसापासून, नवं पाणी जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या, आणि सहावा लूप चालूच ठेवा.

पाणपोई

हे असं असेल तर माझा काहीच विरोध नाही काका. मिसळून न्यायला आमच्याकडच्या लोकांना थोडी मेहनत पडेल, व्हॉल्व्हचं वेळापत्रक रोज बदलावं लागेल, पण होण्यासारखं आहे. ओंजळ, ऑपरेशन्सवाल्यांना आधीच सांग, रिपोर्ट छापून आल्यावर नको.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही कारण सेमीकोलन यांचं वाचून मी पाइप कापायचं ठरवलं आणि मॅनेजरांना सांगूनच ठरवलं. लूपमध्ये सोल्डरच्या सांध्याजवळचे दोन तुकडे होते, त्यातला एक मधोमध उभा चिरला, दुसरा तसाच चालू ठेवलाय. धक्का बसल्याची खूण, चेपल्याची किंवा वाकल्याची, कुठेच दिसली नाही. सांध्यापासून बोटभर अंतरापर्यंत आतला तपकिरी थर नाहीसा झालाय आणि खाली खडबडीत राखाडी धातू उघडा पडलाय, पुढे थर जसाच्या तसा. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली. मॅनेजर चष्मा काढून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले फोटो जोड.

वाक्य आता असं लिहिलंय, कडुनिंब ताई चुकत असेल तर सांगा: "सहापैकी एका लूपमध्ये शिशाचं प्रमाण ३१ पीपीबीपर्यंत वाढलं आणि चाचणी संपताना ते वाढतच होतं. तपासलेल्या तुकड्यात सोल्डरच्या सांध्याजवळ गंज दिसला. अशा जोडण्या एकूण किती आहेत हे माहीत नाही आणि सहा लूपवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. गंजरोधकाशिवाय हा बदल करू नये." शेवटचं वाक्य वरच्या साहेबांकडे जाईपर्यंत टिकेल का याची खात्री नाही. ते काढलं तर मी सही करणार नाही हे मॅनेजरांना सांगितलंय, ते हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत.

पाइपवाले काका, एक विचारायचं राहिलं. शनिवारपासून वीस घरांतले पहिले सॅम्पल घ्यायला मी स्वतः जाणार आहे. रुंद तोंडाची एक लिटरची बाटली, कमीत कमी सहा तास घरात पाणी वापरलेलं नसावं, आधी नळ सोडायचा नाही, जाळी काढायची नाही, नळ पूर्ण उघडून भरायचं. एवढंच ना, की अजून काही? आणि घरातल्या लोकांनी विचारलं पाणी बरं आहे का, तर काय सांगू?

जुना पाइपवाला

बाटलीवर वेळ लिहा, आदल्या रात्री शेवटचा नळ कधी वापरला तीही, घरच्यांनाच विचारून. पहिल्या लिटरमध्ये बहुतेक नळातलं आणि घरातल्या पाइपातलं पाणी येतं, रस्त्याकडून येणाऱ्या शिशाच्या पाइपातलं त्याच्या मागून येतं, म्हणून जिथे शिशाची जोडणी असल्याचा संशय आहे तिथे नळ बंद न करता लागोपाठ पाच-सहा बाटल्या भरा आणि क्रमांक टाका.

आणि विचारलं तर सांगा की अजून माहीत नाही, तेच बघायला आलेय, तुमच्या घराचा आकडा आला की तुम्हाला कळवीन. फोन नंबर लिहून घ्या, आणि आकडा आला की खरंच कळवा. घरात लहान बाळ असेल तर तोपर्यंत दुधासाठी सकाळचं पहिलं पाणी घेऊ नका, नळ थोडा वेळ सोडून मग थंड पाण्याच्या नळाचं घ्या, आणि उकळल्यानं शिसं जात नाही हेही सांगा.